जागेवाल्याचे दहा टक्के

मी बॅटरीवरच्या दुचाक्या दुरुस्त करतो असं कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "पावसात शॉक बसत नाही ना?" आणि दुसरा, "पेटत नाही ना हो?" दोन्हींची उत्तरं मिळाली की तो निश्चिंत होतो आणि पेट्रोल कसं परवडत नाही यावर बोलायला लागतो. ही गाडी चालते कशी, हा तिसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. म्हणून या अंकाच्या मंडळींनी "मेस्त्री, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा" असं म्हटल्याबरोबर मी ठरवून टाकलं, की कुणी विचारो न विचारो, आपण सांगायचंच. गॅरेजात सांगायला लागलो की गिऱ्हाईक उठून चहाला जातं. वाचकही जाऊ शकतो म्हणा, पण ते मला दिसणार नाही, त्यामुळे वाईटही वाटणार नाही.

माझं गॅरेज रत्नागिरी शहराच्या जरा बाहेर आहे. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वाडीतून एक घाटी वळणं घेत खाली येते आणि मोठ्या रस्त्याला मिळते, त्या तिठ्यावर. आयुष्य पेट्रोलच्या गाड्यांत गेलं. गाडी वरच्या वळणावर असतानाच नुसत्या आवाजावरून मी सांगायचो, की प्लगमध्ये कचरा आहे, की क्लचप्लेट गेली, की मालकाने गाडी भावाला चालवायला दिली होती. हा माझा मोठाच तोरा होता. मग या मुक्या गाड्या आल्या. आवाज नाही, धूर नाही, तेलाचा वास नाही. उतारवयात मुलाच्या वयाच्या मास्तरांसमोर बसून मी हे नवं शास्त्र शिकून आलो. पोट भरतं, तक्रार नाही, पण कान रिकामे झाले याचं मला अजून वाईट वाटतं.

गिऱ्हाईकं मात्र होती तशीच आहेत. एक आंबा बागायतदार दर दोन महिन्यांनी यायचे आणि म्हणायचे, "ऑइल बदला." मी म्हणायचो, "भाऊ, हिला इंजिनच नाही. ऑइल घालू कुठे?" त्यावर ते म्हणायचे, "ते तुम्ही शोधायचं. मेस्त्री तुम्ही की मी?" शेवटी एकदा मी त्यांच्यादेखत स्टँडच्या स्प्रिंगला दोन थेंब तेल सोडलं. ते गाडीवर बसले, हातभर पुढे गेले आणि म्हणाले, "बघा! लगेच हलकी झाली!" तेव्हापासून मी नियमाने स्टँडला तेल घालतो आणि ते नियमाने हलके होऊन जातात.

दुसरे एक गृहस्थ वाचनाचे शौकीन. त्यांच्या गाडीची बॅटरी काढून घरात नेता येते. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘थंड आणि कोरड्या जागी ठेवावी.’ मे महिन्यात आपल्याकडे थंड जागा एकच. त्यांनी फ्रिजमधली पापलेटं बाहेर काढली आणि तिथे बॅटरी ठेवली. संध्याकाळी त्यांच्या बायकोने ती जड पेटी स्वतः रिक्षात घालून माझ्याकडे आणली. "ही हितं ठेवा," त्या म्हणाल्या, "नायतर त्यांना ठेवा. दोघांना एका घरात मी ठेवणार नाय." पेटीला बाहेरून घाम फुटला होता. मी ती पुसून, वाळवून परत दिली. पापलेटांचं मात्र माझ्या हातात काही नव्हतं.

आता आत काय असतं ते सांगतो. ही पेटी म्हणजे एकच मोठी वस्तू नव्हे. आत अंगठ्याएवढे पुष्कळ सेल असतात. काही एकामागे एक जोडलेले, काही शेजारी शेजारी. एकामागे एक जोडले की विजेचा दाब वाढतो, गाडीला जोर येतो. शेजारी शेजारी जोडले की साठा वाढतो, गाडी लांब जाते. या सगळ्यांवर नजर ठेवायला पेटीतच एक छोटी पट्टी बसवलेली असते. तिचं इंग्रजी नाव बीएमएस, पण मी तिला मुकादम म्हणतो. कुठला सेल तापला, कुठला रिकामा झाला, कुठला काठोकाठ भरला, हे मुकादम बघतो. मर्यादा ओलांडली की तो कुणाची भीडभाड न ठेवता फाटक बंद करतो.

पेटीतून वीज जाते कंट्रोलरकडे. पेट्रोलच्या गाडीत उजवी मूठ पिळली की खरोखरच पेट्रोल सुटायचं. इथे मूठ पिळणं म्हणजे नुसता अर्ज करणं. कंट्रोलर तो अर्ज बघतो, मुकादमाची परवानगी घेतो आणि हवी तेवढी वीज मोटरला सोडतो. मोटर चाक फिरवते. झाली गाडी.

खरी गंमत उतारावर. मूठ सोडून दिली की आता चाकच मोटरला फिरवतं. फिरवलेली मोटर वीज तयार करते, ती वीज परत पेटीत जाते, आणि ती तयार करताना चाकावर ओढ बसते. म्हणजे ब्रेक न दाबता गाडी आपोआप हळू होते, वर थोडी भरूनही निघते. ही सोय इतकी सुखाची आहे, की महिन्याभरात माणसाला ब्रेक नावाची वस्तू आठवेनाशी होते. घाटीतल्या माणसाला तर ही देवाची कृपाच वाटते. बाळकाकांनाही तसंच वाटलं होतं.

बाळकाका सड्यावरच्या वाडीत राहतात. अख्खी हयात मालवाहू बोटीवर, इंजिनरूममध्ये ऑइलमन म्हणून काढली. जगातली सगळी बंदरं पाहिली, पण बघितलं काय विचाराल तर "इंजिन" म्हणतात, कारण ते सगळा वेळ खालीच असायचे. घरी ते आणि काकी. मुलगा मिलिंद डोंबिवलीला. गुडघे गेल्यामुळे काकांना घाटी चालवेना, म्हणून मिलिंदनेच ही बॅटरीची गाडी घेऊन दिली. त्या गाडीवर काका रोज तिठ्यावर येत, पेपर घेत, माझ्या बाकड्यावर बसून सगळ्या जगाला नावं ठेवत आणि वर जात. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन मासळी आणत. गाडी म्हणजे काकांचे पाय झाले होते.

आणि अशातच एका रविवारी सकाळी घाटीतून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. पाठोपाठ "सरका! सरका रे मेल्यांनो!" अशी आरोळी. मी बाहेर येतो तर काका सुसाट खाली येतायत, मूठ सोडलेली, डोळे विस्फारलेले. तिठ्याच्या अलीकडे माझ्या शेजारच्या गणूच्या भाताच्या पेंढ्याची उडवी रचलेली होती, तिच्यात ते गाडीसकट शिरले. बाहेर नुसता मागचा दिवा दिसत होता.

काका पेंढा झटकत म्हणाले, "मेस्त्री, गाडी ऐकत नाय!"

मी गाडी तपासली. सगळं जागच्या जागी. स्वतः बसून घाटी चढलो, वर वळवली आणि खाली आलो. गाडी नव्या नवरीसारखी खाली मान घालून आली. मी म्हटलं, "काका, गाडीत काही नाही."

सोमवारी, मंगळवारी काका शहाण्यासारखे आले. बुधवारी परत उडवीत. गुरुवारी ठीक. शुक्रवारी उडवीत. दर वेळी मी गाडी वर नेऊन खाली आणायचो आणि दर वेळी ती माझ्यासमोर साळसूद. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली, तर त्यांनी वायर लावून कॉम्प्युटरवर बघितलं आणि दोष नाही म्हणून परत पाठवली.

आता गाडीत दोष नाही असं ठरलं की उरतं कोण? मिलिंदने फोनवर निकाल देऊन टाकला. "बाबांचे हातपाय आता चालत नाहीत. मी शिमग्याला येतोय, गाडी विकून टाकतो आणि दोघांना इकडे घेऊन येतो. तीन तिकिटं काढलीयत."

काका डोंबिवलीला एकदाच राहून आले होते. "तिसऱ्या मजल्यावर खिडकीत बसवलान मला," ते सांगायचे, "तुळशीच्या कुंडीसारखा. सकाळी पाणी, संध्याकाळी दिवा. बोटीवर निदान वादळ तरी यायचं."

वाडीचं मत निराळं होतं. घाटीच्या मधल्या वळणावर एक शेंदूर लावलेला दगड आहे. तो जागेवाला, म्हणजे त्या जागेचा राखणदार. वाडीचे गुरव हुशार माणूस. त्यांनी माझ्यासारखं गाडीकडे न बघता कॅलेंडरकडे बघितलं.

"बुधवार, शुक्रवार, आयतवार," गुरव बोटं मोडत म्हणाले. "सोमवारी नाय, गुरवारी नाय. म्हंजे काय ता समजा. मासळीच्याच दिवशी गाडी चाळवते. बाळा, तू चालत यायचास तवा जागेवाल्यासमोर एकतरी बांगडा ठेवायचास. आता गाडीवरनं भुर्रकन जातोस. नुसता वास देतोस त्याला."

"अहो, पण मी पडतो जाताना," काका म्हणाले. "तवा पिशवी रिकामीच असते!"

"तोच तर राग हाय," गुरव म्हणाले.

मग जागेवाल्याला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. वळणावर गाडी धुऊन उभी केली, हँडलला झेंडूचा हार, सीटवर नारळ. वाडी जमली. गाडीचा डॉक्टर म्हणून मलाही बोलावलं होतं. गुरवांनी हात जोडून खणखणीत आवाज लावला.

"बा जागेवाल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी.

"ह्या बाळान् बोटीवर बसून सगळी दुनिया बघितलान..."

"व्हय म्हाराजा!"

"पन तुज्या पायाकडं बगायचं ऱ्हायलं..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याची ही जी काय ब्याटरीची गाडी, जिला किक नाय, धूर नाय, आवाज नाय, तिच्या कनच्या वायरीत तू बसला असशील, तर वायच बाजूला सरक..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या मेस्त्रीला अक्कल दे!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार सगळ्यांत मोठा झाला. माझं स्वतःचं गिऱ्हाईकही त्यात होतं, आणि काकांचा आवाज तर मला वेगळा ओळखू आला.

पुढच्या बुधवारी काका उडवीत. गुरवांचं म्हणणं पडलं, की जागेवाल्याला बांगड्याची आठवण आली होती आणि आपण खोबऱ्यावर भागवलं, तो चिडणारच.

त्या दिवशी मात्र काकांनी पेंढासुद्धा झटकला नाही. माझ्या बाकड्यावर येऊन बसले. म्हणाले, "मेस्त्री, खरं सांग. गाडीत काय नाय ना? मग माझ्यातच हाय. मिलिंद बरोबर बोलतोय. मी मूठ सोडतो असं मला वाटतं, पण सोडत नसेन. म्हातारपण असंच येत असेल, आपल्याला न सांगता."

आमच्या धंद्यात ‘दोष नाही’ हे शब्द आम्ही फार सहज बोलतो. गाडी निर्दोष ठरली की दोष कुठेतरी जातोच, आणि तो माणसाच्या अंगावर जाऊन बसतो. ज्या माणसाने हेलकावणाऱ्या बोटीच्या पोटात बसून इंजिनं चालती ठेवली, तो माझ्यासमोर बसून स्वतःच्या मनगटाकडे संशयाने बघत होता. मी त्यांना चहा पाजला.

काका मला गाडी वर पोचवायला सांगून रिक्षाने घरी गेले. त्यांनी गाडीवर बसणंच सोडलं. शुक्रवारी सकाळी काकींचा फोन आला. "मेस्त्री, आज हिकडे जेवायला या. हे तोंड पाडून बसलेत, तुमच्याशी बोलतील तरी. आणि येऊन आमचीच गाडी घ्या नि बंदरावरनं बांगडे आणा. मी तिखलं करते."

बांगड्याच्या तिखल्याला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मी ओळखीच्या रिक्षाने वर गेलो, काकींकडून पिशवी घेतली, गाडीवर बसलो आणि घाटी उतरायला लागलो.

पहिल्या उताराला मूठ सोडली. काही झालं नाही. म्हणजे खरोखर काहीच झालं नाही. रोज जी ओढ बसायची ती बसलीच नाही. गाडी मोकाट सुटली. आता तुम्ही म्हणाल, ब्रेक होता की. होता, दोन होते. पण मीसुद्धा वर्षभर अशाच गाड्यांवर बसून मूठ सोडायची आणि थांबायचं, याच सवयीचा झालो होतो. ब्रेकची आठवण होईपर्यंत पहिलं वळण गेलं, कोंबड्या उडाल्या, एक बोकड माझ्या बाजूने दहा पावलं धावून नाद सोडून बाजूला झाला. जागेवाल्याचं वळण आलं तेव्हा माझ्या तोंडून आपोआप "व्हय म्हाराजा!" निघालं. ब्रेक दाबला तो उडवी दिसल्यावर. वेग कमी झाला, पण गणूचा पेंढा चुकला नाही.

पेंढ्यात तोंड खुपसलेल्या अवस्थेत माझ्या नाकासमोर गाडीचा डिस्प्ले होता. त्यावर आकडा होता, शंभर टक्के.

मी आतल्या आत हसायला लागलो. गणू धावत आला. "ऑ? आता मेस्त्रीपन?" तो म्हणाला. मी पेंढ्यातूनच ओरडलो, "गणू, मुकादम! मुकादमाने फाटक लावलान!" गणूने कुणाला तरी पाणी आणायला पिटाळलं. माझ्या डोक्याला मार लागला अशी त्याची खात्री झाली होती.

सांगतो. उतारावर मोटर वीज तयार करते, ती पेटीत जाते, म्हणून ओढ बसते. पण पेटी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर? मुकादम म्हणतो, जागा नाही. फाटक बंद. वीज घ्यायची नाही म्हटल्यावर कंट्रोलर मोटरला मोकळं सोडतो आणि ओढ नाहीशी होते. गाडी बिघडलेली नसते. ती नियमानेच वागत असते, फक्त तो नियम उतारावरच्या माणसाला कुणी सांगितलेला नसतो. आणि मी तपासायला घेऊन गेलो की आधी घाटी चढायचो. चढताना चार-पाच टक्के जळायचे, पेटीत जागा व्हायची, आणि उतरताना गाडी गुणी. कंपनीचं वर्कशॉप तर सपाटीला, तिथे उतारच नाही.

मी बांगडे घेऊन वर गेलो आणि काकींना एकच विचारलं, "गाडी चार्जिंगला कधी लावता?"

"मासळीच्या आदल्या रात्री," काकी म्हणाल्या. "बंदरापर्यंत जायचं नि घाटी चढून यायचं, वाटेत संपायला नको. सकाळपर्यंत राहू देते. बाकीच्या दिवशी हे तिठ्यापर्यंतच तर जातात, त्याला कशाला लावायची?"

काका ओटीवर उठून उभे राहिले. "म्हंजे माझा हात..."

"हात ठणठणीत आहे काका," मी म्हटलं. "माझाही असाच फसला."

त्यांनी पुन्हा एकदा सगळं ऐकून घेतलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी मला उडवीत शिरलो तो भाग तेवढाच सांगायला लावला.

उपाय सोपा होता. गाडी नव्वद टक्क्यांपर्यंतच भरायची, म्हणजे उतारावरची वीज ठेवायला पेटीत जागा राहते. पण इथे बोट आडवी आली. "नव्वद?" काका म्हणाले. "बंदर सोडताना तेलाचा बंकर फुल्ल पाहिजे. अर्धवट बंकरवर बोट सोडणारा कप्तान मी बघितला नाय."

"काका, ही बोट नाही."

"समुद्राला भरवसा नाय."

"काका, हा समुद्र नाही."

जेवण होईपर्यंत मी समजावत होतो. पाटावर मिठाचे ढीग करून सेल दाखवले, वाटीत सोलकढी काठापर्यंत भरून त्यात आणखी ओतून दाखवली. सोलकढी काकांच्या लेंग्यावर गेली. ते म्हणाले, "समजलं. अगदी समजलं. पण फुल्ल पाहिजे."

काकी आतून भात घेऊन आल्या. त्या जेवायला वाढण्याआधी रोज पहिल्या वाफेचा भात नि त्यावर काय असेल ते केळीच्या तुकड्यावर बाजूला काढतात, तो जागेवाल्याचा वाटा. तो त्यांनी त्याही दिवशी काढलेला होता. त्यांनी काकांच्या पानात भात वाढला आणि म्हणाल्या, "टोप भरलेला असला तरी त्याचा वाटा आपण जेवतो काय? तसे हे वरचे दहा टक्के जागेवाल्याचे. ती जागा आपली नाय. भरायची नाय."

काका घास हातात धरून थांबले. मग म्हणाले, "असं म्हण ना. ता बरोबर."

मी तोंड उघडलं. मग त्यात बांगडा घातला आणि बंद केलं.

त्यानंतर मी काकांना समोर बसवून रोज उतारावर दोन्ही ब्रेक दाबायची सवय करायला लावली, न वापरून गंजत चाललेल्या ब्रेकच्या केबली बदलल्या, आणि गाडी वेडी व्हायची थांबली. वाडीत आणखी काही घरांत अशाच गाड्या होत्या. त्यांनीही जागेवाल्याचे दहा टक्के ठेवायला सुरुवात केली. नव्वदच्या पुढे भरलं तर पाप लागतं, असं आता तिथलं शेंबडं पोरही सांगतं. बॅटरी सतत काठोकाठ भरून ठेवली नाही तर ती टिकतेही जास्त, हे मी कित्येक गिऱ्हाइकांना घसा कोरडा करून सांगितलं होतं. एकानेही ऐकलं नव्हतं. गुरव मात्र जाता-येता मला ऐकवतात, "मी पयल्यापासून सांगत होतो, त्याला वाटा पायजे." मी म्हणतो, "व्हय म्हाराजा."

शिमग्याला मिलिंद आला. मी त्याला फोनवर सगळं सविस्तर सांगितलं होतं, पण आपले वडील आणि त्यांचा मेस्त्री मिळून काहीतरी रचतायत, असा त्याचा संशय होता. त्यात आल्या आल्या आईने जागेवाल्याच्या दहा टक्क्यांची गोष्ट सांगितली. झालं. मिलिंद चिडला. "कंपनीने शंभर टक्के दिलेत, तर आपण नव्वद का वापरायचे? ह्याच्यापायी म्हणतो, तुम्ही इकडे एकटं राहू नये." त्याने स्वतः गाडी रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी म्हणाला, "मी बंदरावर जाऊन येतो. म्हणजे गाडी ठीक आहे की चालवणारा, ते कळेल."

"फुल्ल हाय ती," काका म्हणाले. "उतारावर ब्रेक दाब."

"बाबा, मी ठाणे-डोंबिवली रोज बाइक चालवतो."

"बरं," काका म्हणाले, "हेल्मेट तरी घाल." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या हनुवटीखालचा पट्टा लावून दिला.

मी गॅरेजच्या दारात उभा होतो. वरून कोंबड्या ऐकू आल्या. मी गणूकडे बघितलं. पेंढा बराचसा गुरांना घालून संपत आला होता, पण एक भला थोरला ढीग त्याने जागच्या जागी राखला होता. "म्हटलं, मिलिंद येतोय," गणू म्हणाला. "ऱ्हाऊ दे शिमग्यापर्यंत."

मिलिंद पेंढ्यातून बाहेर आला तेव्हा त्याला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याने हेल्मेट काढलं, घाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मेस्त्री, गाडी ऐकत नाही हो."

मी त्याला बाकड्यावर बसवलं आणि मुकादम, फाटक, ओढ, सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी त्याने लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाला, "मी ब्रेक दाबायला विसरलो. रोज चालवतो, तरी विसरलो. आणि मी बाबांना काय काय बोललो."

जायच्या दिवशी पालखी नाचत होती आणि घाटीत एक रिक्षा मिळेना. आगगाडीची वेळ होत आलेली. मी दारातूनच बघत होतो. वरच्या वळणावर काकांची गाडी दिसली. काका पुढे, ताठ, दोन्ही हात ब्रेकवर. मागे मिलिंद, मांडीवर बॅग, पाय मुडपून, डोक्यावर हेल्मेट. गाडी कुठे धावली नाही, कुठे अडखळली नाही. आवाज नव्हताच. पण ती वळण घेताना मला नेमकं कळलं की गाडी ठीक आहे आणि चालवणाराही ठीक आहे.

तिठ्यावर काकांनी क्षणभर गाडी थांबवली. मिलिंद म्हणाला, "मेस्त्री, येतो. ती दोन तिकिटं रद्द केली मी."

पुढे स्टेशनच्या रस्त्याला आणखी एक उतार आहे. काकांनी मागे न बघताच मुलाला सांगितलं, "नीट धरून बस रे. उतार हाय."

आणि पन्नाशीला टेकलेल्या मिलिंदने बॅग सरकवून वडिलांच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं.